हिरवा झेंडा शाळेकडे

मी भोंग्याची बाई होते. आता असं सांगितलं तर कुणाला काही कळत नाही, पण तेव्हा आमच्या गावातच काय, पनवेलच्या बाजारातही मला त्याच नावाने ओळखत. नात म्हणते, मंडळाचा दिवाळी अंक निघतोय, त्यात तुझ्या कामाबद्दल लिहून दे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि लिहायला बसले. अंकात देईन असं वाटत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढंच कारण नाही. त्या कामात मी बरोबर केलं की चूक, ते मला अजून समजलेलं नाही. छापून आलं की लोकांना वाटतं, लिहिणाऱ्याला समजलेलं असणार.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव पनवेलच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. शेजारी रसायनाची कंपनी आली होती. भोपाळची बातमी सगळ्यांनी ऐकली होती, त्यामुळे कंपनीच्या चिमणीतून जरा जास्त धूर आला तरी बायका पाणी भरायचं सोडून बघत उभ्या राहत. मग सरकारने आणि कंपनीने मिळून काहीतरी ठरवलं. कंपनीने भोंगा दिला, पंचायतीने तो ठेवायला जागा दिली, तहसील कचेरीने आराखड्याचा कागद दिला आणि भोंगा फिरवायला माणूस हवा म्हणून मला घेतलं. नवरा गेल्यावर मी पंचायतीचं झाडलोटीचं काम करत होते. सरपंच म्हणाले, "सुमनबाई बोलत नाहीत फारशा, पण काम चोख." बोलत नाही म्हणून भोंग्यावर नेमलं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

मी नक्की कुणाची नोकर, हे शेवटपर्यंत उलगडलं नाही. हजेरी पंचायतीत, सही कंपनीच्या गेटवर आणि काही विचारायचं असेल तर तलाठी भाऊसाहेबांना विचारायचं. भाऊसाहेब म्हणत, "ते कंपनीचं आहे." कंपनीत सुरक्षेचं बघणारे कर्णिक साहेब म्हणत, "ते सरकारचं आहे." दोघेही चांगली माणसं. एकमेकांना चहा पाजत आणि मला एकमेकांकडे पाठवत.

काम काय ते सांगते. भोंगा हाताने फिरवायचा होता. लोखंडी स्टँडवर बसवलेला, बाजूला दांडा. दांडा हळू सुरू करायचा आणि वेग वाढवत न्यायचा, मग तो आवाज धरतो. एकसारखा लांब आवाज म्हणजे नुसती तपासणी, ती दर बुधवारी सकाळी दहा वाजता. चढउताराचा आवाज म्हणजे धोका. चढउतार काढायला दांडा मधेच सैल सोडून पुन्हा जोर लावावा लागतो. पहिल्या महिन्यात माझे खांदे असे धरले की केस विंचरता येईनात. बुधवारचा भोंगा झाला की बायका चुलीवर डाळ चढवत, इतका तो अंगवळणी पडला होता.

बाकीचं काम घरोघरचं. कोण अंथरुणाला खिळलंय, कोण बाळंतीण आहे, कुणाला दिसत नाही, हे मला पाठ असावं लागे. वास आला तर फडका ओला करून नाकातोंडावर धरायचा, चुली विझवायच्या, असं घरोघर सांगत फिरायचं. हे मला जमे, कारण एका घरात एकीशीच बोलायचं असतं. आणि भोंगा वाजवून झाला की हिरवा झेंडा घेऊन गावाबाहेरच्या फाट्यावर जाऊन उभं राहायचं. झेंडा जिकडे दाखवीन तिकडे लोकांनी जायचं.

तो फाटा नीट सांगायला हवा, पुढचं सगळं त्यावर आहे. गावातून बाहेर पडलं की रस्त्याला दोन तोंडं फुटतात. मधोमध समोर कंपनी. एक रस्ता खाडीकडे म्हणजे पश्चिमेला जातो, त्यावर शाळा. दुसरा पूर्वेला डोंगराकडे, तिथे कातकऱ्यांची वाडी. कागदावर लिहिलं होतं: 'जमण्याचे ठिकाण – शाळेचे पटांगण.' तेव्हा झेंडा शाळेकडे.

वर्षातून दोनदा सराव होई. कंपनीवाले त्याला मॉक ड्रिल म्हणत, गाव म्हणे धावाधाव. तारीख आधी कळायची. अकराच्या सुमारास साहेबांच्या गाड्या येत, शाळेत मांडव पडलेला असे, मी भोंगा फिरवी आणि सगळं गाव हसत-खिदळत शाळेकडे निघे. तिथे पोचणाऱ्या प्रत्येकाला कंपनीच्या कँटीनचे गरम वडे. म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा अशा पळत की कर्णिक साहेब घड्याळ बघून खूश होत.

पटांगणात काही जणांनी पेशंट व्हायचं असे. कपाळाला लाल शाई लावून आडवं पडायचं, मग कंपनीची ॲम्ब्युलन्स त्यांना पनवेलच्या दवाखान्यात नेऊन सोडी. पेशंट व्हायला भांडणं होत. कारण दवाखान्यात नाव लिहून झालं की माणूस मोकळा, पनवेलच्या बाजारात जायला फुकट गाडी मिळाली. सगळ्यात पहिला नंबर वत्सलाकाकूंचा. या माझ्या चुलत सासू, शेजारच्या घरात एकट्या राहत. त्यांची लेक पनवेलला दिलेली. काकू लाल शाई लावून घेत आणि वालाच्या शेंगांची पिशवी पोटाशी धरून आडव्या होत. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर इस्माईलभाई त्यांना उचलताना म्हणे, "काकू, पेशंट बेहोश आहे, पिशवी तरी सोडा."

"बेसुद मी हाय, पिशवी नाय," काकू डोळे मिटून म्हणत.

मांडवात हशा पिके. कर्णिक साहेब तेवढे चिडत. लाऊडस्पीकरवरून सांगत, "हे खरं आहे असं समजा! कुणी विचारलं तर सांगा, खरंच झालंय! पुढच्या वेळी मी न सांगता भोंगा वाजवणार आहे. तेव्हा बघतो किती जण येता."

अशाच एका सरावानंतर मांडवात सभा झाली. साहेब, भाऊसाहेब, सरपंच खुर्च्यांवर. मी मागे खांबाजवळ. कर्णिक साहेबांनी विचारलं, "कुणाला काही सुचवायचंय का?" मला सुचवायचं होतं. माझं माहेर उरणकडे, मिठागरावरचं. बाप मिठागरात राबे आणि आम्हा पोरींना वाऱ्यावरून वेळ सांगायला शिकवी. दुपारकडे समुद्रावरून येतो तो खारा वारा. रात्री आणि पहाटे, थंडीत तर सूर्य चांगला वर येईपर्यंत, जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. सराव नेहमी अकरा वाजता, तेव्हा वारा खारा. कंपनीतून काही सुटलं तर ते डोंगराकडे जाणार, शाळा सुरक्षित. पण तेच सकाळी लवकर झालं तर? मतलई सगळं शाळेवर आणून टाकणार.

एवढंच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, हे शिकलेले लोक, त्यांनी पाहिलं नसेल का? चौथी शिकलेली बाई वारा सांगते म्हणून हसतील. तेवढ्यात भाऊसाहेब म्हणाले, "काही नाही ना? मग वडे घ्या." मी वडा घेतला. तो अजून घशात आहे असं कधीकधी वाटतं.

त्यानंतरच्या थंडीत, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, मी पंचायतीच्या अंगणात झाडत होते. नुकतं उजाडलं होतं. कंपनीच्या आतल्या, त्यांच्या स्वतःच्या भोंग्याचा आवाज आला आणि मधेच थांबला. मी झाडू धरून उभी राहिले. पंचायतीतला फोन उचलला, तो मुका. करायचं काय? कंपनीचा भोंगा ऐकला की माझा फिरवायचा, असा नियम. पण तो अर्धाच वाजला होता. अर्ध्या भोंग्याचं काय करायचं ते कागदावर नव्हतं. मग डोक्यात आलं, साहेब म्हणाले होते, न सांगता वाजवणार. हे तेच असणार. आपण उशीर केला तर म्हणतील, बाई कामाची नाही. मी दांडा धरला आणि चढउताराचा आवाज काढला.

लोक बाहेर आले, पण चिडलेले. कुणाच्या तोंडात मिसरी, कुणाच्या हातात कळशी. "एवढ्या सकाळी वडे तळलेत का गो?" एकीने विचारलं. "साहेबाला झोप नाय लागली," दुसरी म्हणाली. मी झेंडा घेऊन फाट्याकडे पळाले आणि नियमाप्रमाणे शाळेकडे धरला.

सगळ्यात पुढे वत्सलाकाकू. त्यांनी तेवढ्यातही लुगडं बदललं होतं आणि हातात पिशवी होती. "बघ, मी तयार हाय," त्या म्हणाल्या. "आज लेकीकडंच जेवन. काल तिच्या पोराला ताप व्हता, बरंच झालं."

"जा काकू, लवकर जा," मी म्हटलं. हे माझे शब्द. लवकर जा.

त्यांच्यामागून सात-आठ माणसं गेली. मी झेंडा धरून उभी होते आणि पदर सारखा तोंडावर येत होता. मी तो मागे सारी, तो परत येई. तिसऱ्यांदा सारताना हात थांबला. माझं तोंड शाळेकडे होतं, आणि वारा माझ्या पाठीकडून येऊन पदर शाळेच्या बाजूला उडवत होता. मतलई. मी कंपनीकडे पाहिलं. भिंतीवरून पांढरं धुकं उतरत होतं, आणि ते आडवं होऊन शाळेच्या रस्त्याकडे सरकत होतं. थंडीत धुकं असतंच, असं एकदा मनात आलं. मग वास आला. गोठ्यात घोंगडी पांघरून कोंडून घ्यावं तसा डोळ्यांना झोंबणारा वास. सरावात वास कधीच आला नव्हता.

मी झेंडा डोंगराकडे वळवला.

असं लिहिलं की सोपं वाटतं. पण मी तो आधी अर्धाच वळवला, परत शाळेकडे आणला, पुन्हा वळवला. कागदावर शाळा होती. माझ्या हाताने मी माणसं तिकडे धाडली होती. आणि ड्रिल असेल तर? सगळं गाव डोंगराला नेलं आणि साहेब मांडवात वाट बघत बसले तर? मागून येणारे फाट्यावर थांबले आणि माझ्यावर ओरडू लागले.

"नक्की कुठं जायचं ते ठरव ना!"

"डोंगरात काय ठेवलंय? मांडव शाळेत असतो."

"बाई येडी झाली वाटतं."

आयुष्यात मी चारचौघांत मोठ्याने बोलले नव्हते. तेव्हा बोलले. म्हणजे किंचाळलेच. "मतलई हाय! मतलई हाय! वास घ्या!" एरवी मी असं बोलत नाही, माहेरची भाषा तोंडात आली. मिठागरावरची जुनी माणसं होती त्यात, त्यांना शब्द लगेच कळला. एका म्हाताऱ्याने थुंकी लावून बोट वर धरलं, कंपनीकडे पाहिलं आणि सुनेला दंडाला धरून डोंगराच्या रस्त्याला लागला. मग सगळे वळले.

झेंडा एका बाईच्या हातात देऊन मी पदर तिच्या कळशीतल्या पाण्यात बुडवला, तोंडाला बांधला आणि शाळेकडे पळाले.

पटांगणात धूसर झालं होतं. गेलेली माणसं खोकत, डोळे चोळत बसली होती. ॲम्ब्युलन्स तिथेच उभी. कंपनीच्या गेटबाहेरूनच भोंगा ऐकून इस्माईलभाई नियमाप्रमाणे शाळेतच आले होते, त्यांनाही वाटलं होतं, न सांगता ठेवलेलं ड्रिल आहे. आता त्यांना शंका येत होती, तरी ते एकेकाला गाडीत घालत होते. काकू भिंतीशी आडव्या पडल्या होत्या, पिशवी पोटाशी. इस्माईलभाईंनी त्यांना सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

"काकूंना आधी घ्या," मी म्हटलं.

"अरे बहन, काकू तर आपल्या हमेशाच्या. ज्यांना खरंच खोकला होतोय त्यांना आधी घेतो."

"हे खरं आहे!"

"ड्रिलमध्ये तेच तर बोलायचं असतं ना," ते म्हणाले, आणि बोलता बोलता स्वतःच खोकले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "काकू, पिशवी तरी सोडा."

काकूंनी उत्तर दिलं नाही. इस्माईलभाईंनी हात लावला तशी पिशवी सहज सुटली आणि शेंगा मातीत सांडल्या. इस्माईलभाईंचा चेहरा मी विसरणार नाही. "या अल्लाह," म्हणाले आणि त्यांनी काकूंना एकट्याने उचललं. मी ओला पदर सोडून काकूंच्या तोंडावर धरला, तसं मग मलाही काही दिसेनासं झालं. गाडीत मीही बसले; पनवेलला पोचेपर्यंत इस्माईलभाई एकच म्हणत राहिले, "मैंने सोचा बाजार जायचंय, मैंने सोचा बाजार जायचंय."

कुणी मेलं नाही. कंपनीत उभ्या असलेल्या टँकरचा व्हॉल्व्ह गळत होता, तो कंपनीच्या लोकांनी तासाभरात बंद केला. बाकीचे दोन-चार दिवसांत घरी आले. काकूंना बरेच दिवस लागले. आल्या तेव्हा आवाज बसला होता तो कायमचा, आणि चार पावलं चाललं की धाप लागे. लेक म्हणाली, माझ्याकडेच राहा. काकू राहिल्या नाहीत. म्हणाल्या, तिच्याकडं जायला मजा येते, राहायला नाय.

मग माझा गोंधळ सुरू झाला. एकाच आठवड्यात मला दोन कागद आले. एक तहसील कचेरीकडून: प्रसंगावधान दाखवून गावकऱ्यांना वाचवल्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार. दुसरा कंपनीकडून: ठरलेल्या आराखड्याविरुद्ध झेंडा का वळवला, याचा लेखी खुलासा करा. दोन्ही कागद मी देवाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. भाऊसाहेबांना विचारलं, आधी कुठला खरा धरू? ते म्हणाले, "दोन्ही घ्या. नारळ खाऊन खुलासा लिहा."

खुलासा मी लिहिला. एकच ओळ. 'वारा मतलई होता.' कर्णिक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते.

"सुमनबाई, मतलई म्हणजे काय?"

मी सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं सांगितलं, वेळेसकट. त्यांनी कागदावर फाटा काढला, शाळा काढली, बाण काढले. मग विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग सभेत मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

यावर लेखी खुलासा मागितला असता तर मला एक ओळही सुचली नसती. त्यांनी मागितला नाही. एवढंच म्हणाले, "मीही कुणाला विचारायला हवं होतं. वारा बघायला मी पण कुठे गेलो." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते कळलं नाही.

सत्कार झाला. शाल अंगावर घातली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी काकूंना शोधत होते. त्या मागे बसल्या होत्या, टाळ्या वाजवत होत्या, मधेच खोकत होत्या. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी काही उत्तर तयार केलं असतं. एकदा धीर करून मीच म्हटलं, "काकू, तुम्हाला लवकर जा मीच म्हटलं."

"तू नसतं म्हटलं तरी मी पळालेच असते गो," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "मला लेकीकडं जायचं व्हतं." मग म्हणाल्या, "पन तू म्हटलंस, ते खरं."

या दोन वाक्यांपैकी कुठलं धरून राहायचं, ते मी अजून ठरवते आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा सराव ठरला. कंपनीने उंच खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बसवायचं ठरवलं होतं, पण खांब कुणाच्या जागेत उभा करायचा यावर पंचायत आणि कंपनी यांची पत्रापत्री चालू होती. तेव्हा त्या दिवशी वारा सांगायला पुन्हा मीच. अकरा वाजले. मी भोंगा फिरवला, झेंडा घेऊन फाट्यावर गेले. गाव आलं, पण हसत आलं नाही. सगळे फाट्याशी येऊन थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. झेंड्याकडे नाही, माझ्या पदराकडे.

पदर डोंगराच्या बाजूला उडत होता. वारा खारा होता. शाळाच बरोबर होती, यात काही शंका नव्हती. बोट ओलं करून दोनदा बघितलं, समुद्राकडे तोंड करून बघितलं. शाळाच. पण झेंडा शाळेकडे उचलायला हात वर होईना. एकदा पुन्हा कंपनीची भिंत बघितली, एकदा पुन्हा पदर. मागे साहेब घड्याळ बघत उभे. कुणी ओरडलं नाही, कुणी हललंही नाही.

गर्दीतून वत्सलाकाकू पुढे आल्या. थांबत, धाप टाकत. हातात पिशवी. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, नाक वर करून वारा घेतला, जितका त्यांना घेता येत होता तितका.

"खारा हाय गो," म्हणाल्या. "मला पन कळतं."

आणि माझ्या हाताची वाट न बघता त्या शाळेच्या रस्त्याला लागल्या. त्यांच्यामागे गाव निघालं. मी झेंडा उचलला तेव्हा अर्धे लोक पुढे गेले होते.